चौदा नंबरची खोली

भांडणं मिटवायचीही पदवी असते
हे मला सोहारला फी भरताना कळलं.
सात महिन्यांचा ओव्हरटाइम.
आमच्या कॅम्पात तर फोरमनचा आवाज पुरतो.
माझाच.

जूनमध्ये चौदा नंबरला एसीवरून जुंपली.
बशारतला सोळावर हवा, कृष्णप्पाला बंद.
मी बावीसवर लावला, रिमोट खिशात घातला.
दोघंही धुमसत राहिले.

जेवताना मनवा म्हणाली,
"बाबा, बंद कशाला हवाय, विचारलंत?"

विचारलं.
घरघरीत त्याला
फोनवरचं तान्हं ऐकू येत नव्हतं.
नऊ ते साडेनऊ. एवढंच.

आता बशारत घाम पुसत
तेही बाळ बघतो. कधीकधी दहा वाजतात.

रिमोट मात्र अजून माझ्याच खिशात आहे.
मनवाला सांगितलेलं नाही.