पेशी क्रमांक सतरा

मोंतेविदेओ. ऑगस्ट, म्हणजे तिथला ऐन हिवाळा.
नेलिदा एचेवेर्री दाराबाहेर उभ्यानंच
येर्बाचा कडू काढा संपवते
(आत खाण्यापिण्याला मनाई)
आणि येऊन डोळा भिंगाला लावते.

तीन दिवसांचं माशाचं पिल्लू,
तिळाहून जरासं लांब, काचेसारखं आरपार.
शेपटीचं टोक तिनंच कापलंय, दहा वाजून चार मिनिटांनी.
कापताना पुटपुटली होती, माफ कर रे.
बेशुद्ध माशाला. दर वेळी पुटपुटते.

आता एक हिरवा ठिपका हलतो.
हाक कुणी मारलेली नाही,
जखमेचा वास तेवढा झिरपत आलाय.
ठिपका निघतो, पण सरळ नाही.
सरळ जायला वाट कुठाय?
पेशीला पेशी खेटून बसलेली.
एक बोट पुढे काढतो, चाचपतो,
आखडून घेतो,
भलतीकडेच दुसरं काढतो.
अंग पाण्यासारखं, कुठूनही जाईल,
अडतं ते पोटातलं केंद्रक.
ते लांबतं, माळेच्या मण्यांसारखं सुटं सुटं होतं,
आणि फटीतून पलीकडे.

बाप मेंढपाळ, ताकुआरेम्बोकडचा.
तारेच्या कुंपणाशी बसून म्हणायचा,
डोकं गेलं की मेंढी गेली.

दर अर्ध्या मिनिटाला एक चित्र.
संगणक त्यांच्या वाटा जोडत जातो,
उसवलेल्या स्वेटरची लोकर जणू,
सुटली तरी वळणं न विसरलेली.

दोन वाजता सगळे ठिपके जखमेपाशी दाटलेले.
सतरावा मात्र
तिथवर येतो, काठाला टेकतो,
थांबतो,
आणि पाठ फिरवतो.
आलेल्या वाटेनं नाही, दुसऱ्याच.
घाई नाही त्याला.

इग्नासिओ सकाळी म्हणेल, असे असतातच काही,
वेगळा रंग दे त्यांना.

त्या वर्षी बस पासो दे लोस तोरोसला थांबली होती.
बाप आणखी दोन तासांवर, खाटेवर.
ती खाली उतरली, फलाटावर एक सिगारेट ओढली,
रस्ता ओलांडला,
आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये जाऊन बसली.
का, ते घरी कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर

वहीत ती लिहिते :
सतरा. दोन वाजून अकरा. परत.
शेजारी 'कारण'चा रकाना.
पेन टेकवते. शाईचा ठिपका उमटतो,
कागदात हळूहळू पसरत जातो,
एका बाजूला जरा जास्त.