अठ्ठावीस मीटर

कोष्टकात माणूस सेकंदाला
एक मीटर वीस सेंटिमीटर चालतो.
कुठला माणूस, ते कोष्टक सांगत नाही.
बहुधा पोटभर न्याहारी केलेला, तिशीचा,
हातात पिशवी नसलेला,
आणि ज्याच्या चपलेचा अंगठा शाबूत आहे असा.

मी पद्मावतीला नऊ दिवस उभी होते,
स्टॉपवॉच घेऊन, रसवंतीच्या सावलीत.
अठ्ठावीस मीटरचा सातारा रस्ता,
मधोमध बसथांबा.
वहीत लिहिलं:
दोन भोपळे घेतलेली बाई, शून्य पूर्णांक आठ.
गुडघा बदललेले काका, शून्य पूर्णांक सहा,
त्यातही मध्ये थांबून एका दुचाकीवाल्याचा उद्धार,
तो वेळ धरलेला नाही.
शाळेची पोरं:
मोजता आली नाहीत.

ऑफिसात मी बारा सेकंद मागितले.
साहेबांनी चहा मागवला.
म्हणाले, मॅडम, बारा सेकंदांत रांग स्वारगेटला टेकते.
सात मिळाले.
सात सेकंद घेऊन मी जिना उतरले,
भाजीवर कोथिंबीर फुकट मिळाल्यासारखी.

आवाज तपासायला भिलारे आले.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सबंध नोकरी,
डोळे जन्मापासून नाहीत,
नुसत्या 'हॅलो'वरून माणसाचं गाव ओळखायचे.
मी बटण दाबलं. पीप, पीप, पीप.
भिलारे म्हणाले, टेम्पो मागे येतोय, बाजूला व्हा.
दुसरा आवाज लावला, घुंगरांचा.
म्हणाले, माझ्या रसात बर्फ नको.
तिसरा पक्ष्याचा, कंपनीने डब्याबरोबर पाठवलेला.
त्यांनी मान वाकडी करून ऐकला.
हा कोण पाहुणा?
ह्याला इथलं एक झाड माहीत नाही.

मग बोटातली अंगठी काढून
त्यांनी खांबावर वाजवली.
टक. टक. टक.
लोखंडाला लोखंडासारखं बोलू द्या,
म्हणजे खांब कुठे आहे ते तरी कळेल.

त्या रात्री मी पक्षी पुसला,
अंगठी भरली.

खांबावर एक डोळाही बसवलाय.
पट्ट्यांवर कोणी उरलं असेल तर
तो लाल दिवा आणखी चार सेकंद धरून ठेवतो.
चाचणीत त्याने एका कुत्र्यासाठी सगळा रस्ता थांबवला.
कुत्रं मध्येच बसलं, कान खाजवला,
बसेस, डंपर, वऱ्हाडाची मोटार, सगळे उभे.
चूक आहे, दुरुस्त करा, असा निरोप आला.
करते म्हटलं.
अजून केलेली नाही.

पट्ट्यांवर पुढचं चाक टेकवून उभ्या स्कूटरला
माझ्याकडे उपाय नाही.
ते सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही.
बटणावर तिसऱ्याच दिवशी
मुलींसाठी कॉट बेसिसची जाहिरात चिकटली.
मी नखाने खरवडली.
फोन नंबरचे शेवटचे चार आकडे
अजून तिथेच आहेत.

नारळ वगैरे काही फुटला नाही.
मंगळवारी दुपारी तीनला वायरमनने जोडणी केली,
हात झटकले, तंबाखू मळायला घेतली.
खांब बोलायला लागला.

भिलारे पलीकडे गेले.
काठी फुटपाथला लागली तेव्हा
आकड्यात अजून दोन शिल्लक होते.
मग ते परत आले.
मग पुन्हा गेले.
पुन्हा आले, शर्ट पाठीला चिकटलेला.

मी विचारलं, काही राहिलं का तिकडे?

छे. काय राहणार.
एकतीस वर्षं इथे राहतो,
कोणीतरी दंड धरून नेतं,
काम झालं की आणून सोडतं.
बिनकामाचा कधी गेलो नव्हतो.

थोडा वेळ गाड्या जाऊ दिल्या त्यांनी.
मग म्हणाले, तिकडे डाव्या हाताला
कोळशाचा आणि ओल्या कापडाचा वास येतो.

इस्त्रीवाला आहे, मी म्हटलं.

असं होय, म्हणाले.
किती वाजेपर्यंत असतो?
आणि उत्तराची वाट न पाहता
हात बटण शोधायला लागला.