चटईखाली

कोंबडं आरवण्याआधीच ते येऊन बसले होते,
पलीकडच्या गावची अकरा माणसं,
अंगणात, गुडघ्यांवर,
डोक्यावरून एकच तलम चटई ओढून.
तिच्या कडेची लाल पिसं समुद्रवाऱ्यात हलत होती.
बाकी काही हलत नव्हतं.

सगळ्यात पुढे इओसेफो असणार.
त्याच्या पिकअपखाली आमचा उएले गेला.

आईने त्यांना पाहिलं आणि चूल पेटवली.
कोकोच्या बिया भाजल्या, कुटल्या.
नीरफणसाची गळलेली पानं झाडून काढली
त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून.
मामा दारात कोयता घेऊन उभा.
सामोआत असं ऊन चढतं की सावलीही घामेजते.

चाळीस दिवस, रोज संध्याकाळी शंख वाजला की
प्रार्थनेत ती 'जसे'पाशी थांबायची.
जसे आम्ही क्षमा केली...
आम्ही पुढे जायचो,
ती मागेच, त्या एका शब्दाच्या उंबऱ्यावर.

नऊच्या सुमारास चटईखालून खोकला आला.
कोरड्या घशाचा, पोरसवदा.
"तहान लागली असेल," आई म्हणाली,
घरातल्या कुणाबद्दल म्हणावं तशी.

मग उतरली. चटईचं टोक धरलं, पण उचलवेना.
जन्मभर अशा चटया विणल्या तिने,
ओढणीएवढंही वजन नसतं.
"देवा, एक बाजू तू धर."

कोकोची वाटी त्याच्या हातात दिली
तेव्हा तोंडाकडे पाहिलं नाही त्याच्या.
त्याला अजून पाच महिने लागले.

त्या संध्याकाळी मात्र, शंख वाजल्यावर,
'जसे'च्या पुढचा एक शब्द
ती म्हणाली.
एकच.