मालधक्का

समुद्र पूर्णेला आला तो ट्रकमधून,
तीन फेऱ्यांत.
प्लायवूडचं जहाज, तेही अर्धंच,
कॅमेऱ्याला दिसेल तेवढ्या बाजूचं,
मागून सगळे टेकू आणि खिळे.
निळ्या ताडपत्र्या साइडिंगच्या रुळांवर अंथरल्या,
बंद पडलेल्या लोको शेडमधून
डब्यांनी धुकं सोडलं.

सिनेमा जुन्या काळातला, मुंबईच्या गोदीतला.
तिथली गोदी आता ओळखू येत नाही, म्हणाले,
त्यापेक्षा निजामाच्या रेल्वेचा हा दगडी धक्का बरा.
धक्का, शब्द तोच.
आमच्याकडे फक्त त्याला पाणी लागत नाही.

गोदी कामगार म्हणून उभे केले
ते मालधक्क्यावरचेच हमाल:
लिंबाजी वाव्हळे, खाजामियाँ, दोघे गिराम भाऊ,
आणि माझा बाप, दिगंबर.
तीनशे रुपये रोज, वर नाश्ता.
युरियाच्या रॅकला एवढे कधी सुटत नव्हते.

पोत्यांत भुस्सा भरला होता.
डायरेक्टर पोरगं भलं, चष्म्याचं.
म्हणालं, काका, वजन दिसत नाहीये.
बापानं पोतं खाली ठेवलं.
असलं तं दिसंल ना.
शंभर किलोखाली आधी मान जाते,
मग गुडघा,
तोंड सगळ्यात शेवटी.
तुमचा हीरो तोंडापासून सुरू करायलाय.

मग संपाचा सीन.
घोषणा कागदावर लिहून दिल्या,
कुठल्या शब्दाला मूठ वर न्यायची, तेही.
खाजामियाँ हसला:
बोंब मारायला दम कुणापाशी उरतो, साहेब?
आम्ही वाराईसाठी बसलो होतो एकदा.
नुसते बसलो.
आकडे पुढ्यात ठेवले, टोक आपल्याकडं,
आणि मुकादमाच्या बुटांकडं बघत राहिलो.
अकरा दिवस.
पोरगं बराच वेळ गप्प होतं.
मग म्हणालं, छान आहे, पण
आवाज लागेल.

त्यांनी आवाज दिला. आठ टेक.
लिंबाजीचा घसा बसला.
त्याला त्या पोरानंच खडीसाखर आणून दिली,
हेही सांगायला हवं.

तिसऱ्या संध्याकाळी माणसं पुरवणारा ठेकेदार
जीपच्या बॉनेटवर वही ठेवून मोजायला लागला.
दीडशे.
नाश्ता कापला, कपड्यांची धुलाई कापली,
कपडे ज्याचे त्याचेच, यांनी फक्त मळवलेले.
उरलेलं पुढच्या सिनेमाला.
अंगठा इथं.

कुणी काही बोललं नाही.
खाजामियाँनं खांद्यावरचा आकडा काढला,
लोखंडाचा, घरचा,
आणि खडीवर ठेवला.
मग बापानं. मग बाकीच्यांनी.
वहीत एक आकडा, खडीवर सतरा.
ट्रक मागे घेऊन उभे होते,
जहाज भरायचं कुणी?
मेकअपवाल्या पोरांनी एक कड उचलून पाहिली.
नांगर तेवढा निघाला, थर्माकोलचा.

दहाला सिमेंटची रॅक लागली, पलीकडच्या रुळाला.
तेव्हा उठले, आकडे घेतले,
रात्रभर जहाजाला वळसा घालून
वाघिणी रिकाम्या केल्या.
जहाजाला बोट लावलं नाही.
मी नऊ वर्षांची, हातात चहाची किटली,
मला वाटत होतं पहाटे हे सुटेल,
पाण्याशिवाय, नांगराशिवाय, परळीच्या बाजूला.

सकाळी पैसे आले.
माणशी वीस रुपये कमी.
का, ते कुणी सांगितलं नाही,
कुणी विचारलंही नाही,
आणि ते का नाही विचारलं यावरून
लिंबाजी आणि बाप वर्षभर बोलत नव्हते.

सिनेमा आम्ही फार उशिरा पाहिला, माझ्या मोबाइलवर.
बाप जाऊन तोवर दोन उन्हाळे झालेले.
संपात मुठी आहेत, नगारे आहेत,
समुद्र तर एवढा खरा
की पूर्णा कुठं संपते, सापडत नाही.
बाप चार सेकंद. पाठमोरा.
आभारात रेल्वेचं नाव आहे.

मायनं बोटानं मागं नेलं.
पुन्हा पाहिलं. पुन्हा.
पोतं हलकं हाय, म्हणाली,
मानेवरून कळायलंय.
मग बऱ्याच वेळानं:
नाश्ता काही केला नव्हता यानं त्या दिवशी.