नमुने घेण्यात आले

निबंध परत आला. माघातला मंगळवार,
विश्रामबागेत वीज गेलेली,
मोबाइलच्या उजेडात मी वाचत बसले
दुसऱ्या परीक्षकाचे सतरा मुद्दे.

पहिल्याने दोन ओळींत कौतुक उरकलं होतं.
दुसरा मात्र नीट मांडी घालून बसला होता,
कुठल्या देशात, कुठल्या दिव्याखाली, देव जाणे.
माझ्या प्रत्येक वाक्यावर त्याचं बोट टेकलेलं.

मुद्दा चार : ‘सिद्ध होते’ असं कशावरून?
मुद्दा नऊ : तीनच पेवं का?
मुद्दा अकरा : ‘नमुने घेण्यात आले.’ कोणी? कसे?

रागारागात चहा ठेवला, तो उतू गेला.
वीस फूट खाली, मातीच्या पोटात
दोन वर्षं निजलेली हळद
याला काय कळणार, म्हटलं,
हरिपूर तरी सापडेल का याला नकाशावर!

पण अकरावा मुद्दा
शेंगदाण्याच्या सालासारखा दाढेत अडकून राहिला.

कोणी?
दस्तगीर मुजावरांनी.
मी वर उभी होते, वही धरून,
चपलेला माती लागू न देता.

कसे?
आदल्या दिवशी त्यांनी पेवाचं तोंड उघडलं.
सकाळी दोराला बांधून कंदील सोडला.
निम्म्यावर विझला.
‘इझला न्हवं? मग उतरायचं न्हाई.’
आम्ही चिंचेखाली बसलो. पुन्हा सोडला. पुन्हा विझला.
तिसऱ्यांदा तळाला टेकला आणि जळत राहिला,
विहिरीत पडलेल्या चांदणीएवढा.
मग कमरेला दोर बांधून ते गेले,
आणि खालून एकेक हाक वर आली :
‘तळाची!’
‘मधली!’
‘कडंची, जरा ओली हाय, लिवा!’
मी चिठ्ठ्या लिहीत गेले.

एवढ्या सगळ्याचे मी तीन शब्द केले होते.

आणि मुद्दा नऊ?
तो तर आधीच आला होता.
कॉलेजात मी अकरा आलेख दाखवले तेव्हा
शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, ते उठले :
‘तीन बघितलीसा. नदीकडच्या चौथ्याचं काय?’
‘छान प्रश्न,’ म्हणाले मी
आणि पुढच्या हाताकडे वळले.

चैत्रात चौथं पेव उघडलं.
माझी सरळसोट रेघ
शेवटी वाकली, ओल्या काठीसारखी.
‘सिद्ध होते’ खोडलं,
‘या चार पेवांपैकी तिनांत आढळले’ लिहिलं.
वाक्य खुजं झालं,
पण आता त्यावर पाय दिला तर खचत नाही.
कार्यपद्धतीत कंदील आला, दोर आला,
आणि कर्ता आला, नावानिशी,
चाळीस वर्षांच्या अनुभवासकट.

दुसऱ्या फेरीत त्या अनोळखी माणसाने
एकच ओळ लिहिली :
दिवा विझल्यावर किती वेळ थांबता, तेही नोंदवावे.

दस्तगीरभाईंना विचारलं.
त्यांनी तंबाखू मळता मळता पेवाकडे बघितलं.
‘उतरायची घाई जाईस्तवर.’

सगळी उत्तरं पाठवून तयार आहेत.
तक्त्यातला तेवढा एक रकाना,
मिनिटांचा,
अजून रिकामा आहे.