तक्रार क्रमांक चौदा

रजिस्टर माझ्याकडे असतं. निळं, कापडी पाठीचं.
पहिल्या पानावर आधीच्या सेक्रेटरींनी ‘श्री’ काढलाय
आणि त्याखाली लगेच: पाण्याचा पाइप, कबुतरं, लिफ्ट.

क्रमांक चौदा.
दिगंबर मुळ्ये, दोनशे दोन.
‘वरच्या फ्लॅटमध्ये पहाटे साडेचारला गिरणी चालते.
निवासी क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा
मर्यादा पंचेचाळीस डेसिबल.
मी मोजले. एकसष्ट.’
एकसष्टखाली दोन रेघा.
दुसऱ्या रेघेला कागद फाटलाय.

मला डेसिबल ठाऊक नव्हतं.
मुलीने फोनमध्ये काटा घालून दिला, थरथरणारा.
म्हणाली, ही साधी बेरीज नसते आई,
दहा वाढले की कानाला दुप्पट वाटतं.
आणि पहाटे साडेचारला किती वाटतं?
ते तिच्या पुस्तकात नव्हतं.

त्या रात्री मी घरभर फिरले,
गॅस कुठे गळतोय ते शोधावं तशी.
फ्रिज एकेचाळीस.
मोरीतला नळ, थेंब पडताना, चव्वेचाळीस.
ह्यांचं घोरणं बावन्न.
म्हणजे नियमाप्रमाणे मलाही अर्ज करता येतो,
पण तो सेक्रेटरीकडे द्यायचा असतो.

तीनशे दोनमध्ये लीलावती सोलंकी.
पाटनीपुऱ्याला त्यांची मूगभज्यांची गाडी.
दार उघडलं तर ओल्या डाळीचा वास आणि मधोमध ग्राइंडर,
लहान वासराएवढा, फडक्याने पुसलेला.
‘रात को पीस के रखूँ तो खट्टी हो जाए, दीदी,
पहली गाहकी साढ़े छै की है.’
मी नियम सांगितला. त्यांनी मान हलवली.
त्यांनी उन्हाळा सांगितला. मी मान हलवली.
मग त्यांनी बटण दाबलं, ऐकाच म्हणून,
आणि माझ्या चपलेतून आवाज वर आला.

हवेतून नव्हताच तो.
चार लोखंडी पायांतून लादीत,
लादीतून बीममध्ये,
बीममधून सरळ मुळ्यांच्या उशीत.

परत येऊन रजिस्टर चाळलं. क्रमांक नऊ:
‘जिन्याखाली मुळ्यांची स्टेपनी पडून आहे.
स्कूटर विकून सहा वर्षं झाली.
पाणी साचतं, डास होतात.’
सही, लीलावती सोलंकी.
मी दोन्ही पानं बोटांत धरून
बराच वेळ बसले.

रविवारी मुळ्ये स्वतः करवत घेऊन आले.
पायजम्याला ग्रीस, चष्मा कपाळावर.
टायरचे चार तुकडे, मग आणखी चार.
‘एका थराने भागणार नाही,’ असं म्हणाले,
जणू आयुष्यभर हेच काम केलंय.
ग्राइंडर आम्ही तिघांनी उचलला,
भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला.
कापताना करवतीचे बहात्तर झाले होते,
दिवसाची मर्यादा पंचावन्न.
त्याची नोंद कुठेच नाही.

सोमवारी साडेचारला त्रेचाळीस.
मुळ्यांनी आकडा चिठ्ठीवर लिहून
माझ्या दारात सरकवला. सही नाही, रेघ नाही.
मंगळवारी तीनशे दोनमधून त्यांच्याकडे
पिशवीभर भजी गेली. हिरवी मिरची वेगळ्या पुडीत.
नऊ आणि चौदा, दोन्हींसमोर
‘निवारण’च्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला: टायर.

आता समोरच्या गार्डनमध्ये लग्न आहे.
साडेअकरा वाजलेत, खिडकीची काच दात वाजवतेय.
मी ठाण्यात फोन केला.
पलीकडचा म्हणाला, ‘मॅडम, शादी है.’
मी म्हटलं, साडेअकरा वाजलेत.
दोघंही खरं बोलत होतो.
पत्ता लिहून घेतो म्हणाला.
त्याच्याही मागे कुठेतरी ढोल वाजत होता.

गॅलरीत आले तर खाली मुळ्ये,
हात लांब करून फोन वरातीकडे धरलेला.
वर सोलंकीबाई, तशाच.
काटा त्यांना मुळ्यांनीच घालून दिला म्हणे.
‘किती?’ मी खाली विचारलं. ‘एक्क्याण्णव!’
वर विचारलं. ‘चौरासी!’
माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी.

क्रमांक पंधरा.
तक्रारदार: आम्ही.
आकडा मी मधला लिहिला.