खुणांची वही

प्रेसमधून निवृत्त झाल्यावर पपांनी
लाल पुठ्ठ्याची एक वही केली.
पस्तीस वर्षं नाशिकरोडला नोटांवरचे आकडे तपासले,
आता त्याच डोळ्यांनी जग तपासायला बसले
पहाटे पाचला, प्रार्थना झाल्यावर,
चष्मा पुसून.

१४ मार्च. पिंपळगावला गारा. द्राक्षं गेली.
२ एप्रिल. कळवणकडे जमीन हलली, फळीवरची भांडी वाजली म्हणतात.
९ एप्रिल. देवळालीकडून तोफा. दुपारपर्यंत अकरा.

तोफा सरावाच्या,
हे शरणपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
"सरावच," पपा म्हणत, "पण सराव कशाचा करतात?"

दुधाच्या पिशवीवरच्या काळ्या रेघा
ते भिंगातून मोजत.
आधारच्या रांगेत उभे राहिले, अंगठा दिला,
आणि घरी येऊन साबणानं तीनदा हात धुतले.

आई त्याच वहीत मागून लिहायची,
वही उलटी धरून. कागद कशाला वाया घालवायचा.
दूध अर्धा लिटर, शनिवारी नाही.
वेदीची फुलं, या रविवारी आपली पाळी, शेवंती महाग.
सलोमीबाईंना डबा. मीठ कमी.
प्रभुभोजनाचा रस: काळी द्राक्षं तीन किलो,
पिंपळगावची, गारांनी फुटलेली,
स्वस्त मिळाली.

चर्चमध्ये पपा कायम दाराजवळच्या बाकावर.
आई म्हणायची, पळायला सोपं.
पाळकसाहेब हसून म्हणायचे,
त्रिभुवनकाका, तारीख फक्त बापाला ठाऊक.
"तारीख नकोच मला," पपा म्हणत,
"फक्त झोपेत सापडायला नको."

म्हणून रात्री खुंटीला इस्त्रीचा पांढरा शर्ट,
खाली पॉलिश केलेले बूट, तोंडं दाराकडे.
सगळ्यांचेच वडील असे झोपतात,
असं मला दहावीपर्यंत वाटत होतं.

गंगेला पूर आला त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी.
खाली दोन रेघा मारल्या.
रात्री दोनला दार वाजलं.

पपा उठले. घाई नाही, हाक नाही.
शर्ट घातला, सगळी बटणं लावली.
बुटांच्या नाड्या अंधारात चाचपून बांधल्या.
आई म्हणाली, लाईट गेलीय, बॅटरी तरी घ्या.

दारात गोविंद इस्त्रीवाला,
त्याची बायको, दोन पोरं, एक कुकर.
सगळे गळ्यापर्यंत चिखलाचे.
पपांनी बॅटरी त्यांच्या मागं मारली,
गल्लीच्या टोकापर्यंत,
आणखी कोणी आहे का बघत राहिले
जरा जास्तच वेळ.

मग म्हणाले, आत या. चपला राहू द्या पायात.
हे आईला आवडलं नाही.

धाकटीचं डोकं पुसायला काही सापडेना,
तेव्हा त्यांनी शर्टच काढला.
पहाटे चर्चचा हॉल उघडला,
वस्तीतली चाळीसेक माणसं आली,
घंटा कोणी वाजवली नाही.

त्या तारखेला पपांच्या बाजूनं काहीच नाही.
आईच्या बाजूनं आहे:
तांदूळ सात किलो. चहा. रॉकेल.
शर्ट एक, गेला.

पपा पुढच्या वर्षी गेले, मंगळवारी,
दुपारी, वाटाणे सोलता सोलता.
गारा नव्हत्या, तोफा नव्हत्या.
सालं एका बाजूला नीट रचलेली होती.

वहीत दोन अक्षरं समोरासमोर येऊन थांबलीत,
मध्ये चार कोरी पानं.
आई त्यात लिहीत नाही, मलाही लिहू देत नाही,
नवी वही आण म्हणते, दहा रुपयांची.

परवा देवळालीकडून पुन्हा आवाज आले.
मी मोजायला लागले.
सातव्याला कुकरची शिट्टी झाली
आणि आठ की नऊ, कळेना.

रात्री दाराची वरची कडी
मी लावत नाही.
आई लावते.
ती झोपली की उठून काढते.